दहा फूट आठ इंच

१

नमुन्याच्या बाटलीची दोरी हातातून सुटतच राहिली, तेव्हा शरयू दातारांच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलं आहे.

बावीस वर्षं त्या सांगलीच्या सरकारी प्रयोगशाळेत पाणी तपासत होत्या. भरलेल्या टाकीत हातभर दोरी पुरते, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. इथे दोन हात झाले, पाच झाले, आणि मग खूप खालून, विहिरीच्या तळातून यावा तसा चुळुक आवाज आला.

त्यांनी बॅटरीचा झोत खाली सोडला. साडेअकरा फूट खोल टाकीच्या तळाशी जेमतेम फूटभर पाणी होतं.

"किती आहे?" मागून मयूरी निकमने विचारलं. तिच्या आवाजात उत्साह मावत नव्हता.

"तुम्हीच बघा," शरयूबाई म्हणाल्या आणि बाजूला सरल्या.

मयूरी वाकली. बराच वेळ ती वाकूनच राहिली.

सोमवार, अकरा मे १९९८. ठिकाण आटपाडीपासून सात-आठ मैलांवरचं हिवरतळ. मेंढपाळांच्या सोसायटीचं लोकर ठेवायचं दगडी गोदाम इथे साठ वर्षं उभं होतं. मयूरी या साताऱ्याच्या तरुण आर्किटेक्टने दोन वर्षं खपून त्याचं मंगल कार्यालय केलं होतं, तेही आगळं. भिंतींना सिमेंट नाही, चुन्याचा गिलावा. कौलांखाली बांबूच्या चटया आणि चटयांवर कुणी विकत न घेतलेली जाडीभरडी लोकर पसरलेली, म्हणून भर उन्हात आत पंखा लागत नव्हता. अंघोळीचं पाणी छपरावरच्या सौरबंबात तापणार, स्वयंपाक गोबरगॅसवर होणार. आणि सगळ्यांत मोठा डाव म्हणजे ही जमिनीखालची टाकी. छपरावर पडलेला पावसाळा तिच्यात साठवायचा आणि या कोरड्या मुलखात टँकर न बोलावता सहाशे माणसांचं लग्न पार पाडून दाखवायचं.

पहिलं लग्न येत्या रविवारी होतं. नवरी पूजा, सोसायटीचे अध्यक्ष शरच्चंद्र पेठे यांची नात.

"काल तर होतं," मयूरी पुटपुटली. "काट्यावर होतं! दहा फूट आठ इंच!"

ती धावत बाहेर गेली. स्वयंपाकघराच्या बाहेरच्या भिंतीवर फूट-इंच रंगवलेली फळी होती. टाकीतल्या तरंगत्या डब्याला बांधलेली तार भिंतीतल्या नळीतून येऊन तिथे एक पितळी काटा वरखाली करत असे.

टाकी रिकामी होती, आणि काटा अजूनही दहा फूट आठ इंचांवर उभा होता.

२

तासाभरात गाव गोळा झालं.

मयूरीने काट्यामागची पत्र्याची पेटी उघडली. तारेला एक वेढा देऊन ती आतल्या खिळ्याला पक्की बांधलेली होती.

"म्हंजे चोरानं पानी नेलं आनि काटा बांधून गेला," कुणीतरी म्हणालं. "रातीत!"

"मग कोन असनार? टँकरवाला!"

नानासो मेटकरी सोसायटीचाच संचालक होता. हे गोदाम पाडून तिथे स्लॅबचा हॉल बांधावा, असं तो भर सभेत बोलला होता. पंचक्रोशीतल्या लग्नांना पाणी त्याच्याच टँकरने जायचं. आणि रविवारी संध्याकाळी त्याचा टँकर गोदामाच्या फाटकापाशी अर्धा तास उभा होता, हे चौघांनी पाहिलं होतं.

"माजा टँकर हितं कशाला आलता, मला म्हायत न्हाई," नानासो घाम पुसत म्हणाला. "डायवरला इचारा. ज्योतिबाला."

ज्योतिबा मान खाली घालून उभा होता. तिशीचा, सडसडीत.

"बोल की रं गड्या!"

"टायर बगत हुतो," तो म्हणाला.

"पोलिसात देऊ या," मयूरी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

तेव्हा शरच्चंद्र पेठे पहिल्यांदा बोलले. मूळचे वाईचे. साठ साली इथल्या शाळेत मास्तर म्हणून आले, हेडमास्तर होऊन निवृत्त झाले आणि इथलेच होऊन राहिले. निम्मं गाव त्यांच्या हाताखालून गेलेलं, त्यामुळे सगळे त्यांना सर म्हणत.

"आधी लग्न होऊ दे," ते म्हणाले. "तक्रारीचं मागून बघू."

सरांचा शब्द म्हणून लोक पांगले. शरयूबाई मात्र टाकीपाशीच थांबल्या. त्यांना अहवाल लिहायचा होता: पाणी एवढं कमी का? एका रात्रीत टाकी रिकामी झाली, असं लिहायला त्यांचं पेन तयार होईना.

त्यांनी पदर खोचला आणि लोखंडी शिडीवरून टाकीत पाय टाकला. चार पायऱ्या उतरल्यावर त्यांचा हात कशावर तरी पडला. त्यांनी बॅटरी लावली.

शिडीच्या दांड्याला मातीचं एक घरटं चिकटलेलं होतं. कुंभारीण माशी बांधते तसलं, बोटाएवढ्या खोल्यांचं. खोल्या फुटलेल्या होत्या. आतली पिल्लं केव्हाच उडून गेली होती.

३

"माशी घर बांधते, अंडी घालते, पिल्लं मोठी होऊन भोक पाडून बाहेर येतात," शरयूबाई मयूरीला सांगत होत्या. "याला महिना तरी हवा. घरटं तळापासून सात फुटांवर आहे. काट्यावर विश्वास ठेवायचा तर ती जागा साडेतीन फूट पाण्याखाली होती. पाण्याखाली माशी घर बांधत नाही."

मयूरीने त्यांच्याकडे पाहिलं. "म्हणजे पाणी काल नाही गेलं?"

"आपण सगळे चुकीचा प्रश्न विचारत होतो. काल कुणी नेलं, हा प्रश्नच नाही. कधीपासून नव्हतं, हे शोधायचं."

टाकीच्या पातळीची वही राखणदार आकारामकडे होती. पलटणीतून हवालदार होऊन आलेला माणूस. दर सोमवारी सकाळी सात वाजता काटा वाचायचा आणि लिहायचा. अक्षर टाइप केल्यासारखं.

"डूटीत कसूर न्हाई बाईसाहेब," तो ताठ उभा राहून म्हणाला. "काटा दाखवल ते लिवायचं, असा आर्डर. तेच लिवलं."

शरयूबाईंनी पानं उलटली. जानेवारीत दहा फूट अकरा. मग दहा फूट दहा, दहा फूट नऊ. नवी टाकी थोडी पाझरतेच. नऊ मार्चला दहा फूट आठ. आणि तिथून पुढे नऊ आठवडे दहा फूट आठ, दहा फूट आठ, दहा फूट आठ.

"बारा एप्रिलला वळीव झाला ना हो इथे? आटपाडीत गारा पडल्याचं पेपरात होतं."

"व्हय की. अर्धा तास. कौलं वाजत हुती."

"दुसऱ्या दिवशी सोमवार. छपराचं पाणी टाकीत आलं, आणि काटा केसभरही हलला नाही."

आकारामच्या चेहऱ्यावरचा ताठपणा थोडा ढिला झाला. "ध्यानात न्हाई आलं, बाईसाब."

"तुमची चूक नाही. तुम्ही लिहिलंत म्हणून तर कळलं. आता सांगा, काल टँकर आला तेव्हा तुम्ही फाटकावर होतात?"

"हुतो. आला, थांबला, ह्या मयूरीबाईंची येष्टी आली, बाई उतरून आत आल्या, तवा गेला. म्या रस्त्यावर बगितलं, पान्याची धार सांडलेली. त्याचा कॉक गळतो."

"जाताना सांडलेली?"

आकाराम विचारात पडला. पलटणीतला माणूस, पाहिलेलं विसरत नाही. "जाताना बी. आनि येताना बी."

शरयूबाईंनी वही मिटली. पाणी चोरायला येणारा टँकर रिकामा येतो. हा भरून आला होता आणि भरलेलाच परत गेला होता.

त्या काही बोलणार एवढ्यात वाड्या-वस्त्यांच्या बाजूने आरडाओरडा ऐकू आला. कुणीतरी धापा टाकत येऊन सांगितलं, की पोरांनी नानासोच्या टँकरवर दगड घातले आणि ज्योतिबाचं डोकं फुटलं.

४

ज्योतिबाला चार टाके पडले. दवाखान्याच्या बाकावर तो बसला होता आणि शेजारी नानासो उभा होता.

"आरं बोल की मुडद्या!" नानासोचा आवाज रागाने नव्हे, काळजीने चिरकत होता. "कुणी बोलीवलंतं तुला? माजी आब्रू चालली, तुजं टकुरं फुटलं. कुनासाठी गप बसलायस?"

ज्योतिबाने शरयूबाईंकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

त्या मुक्कामाला सरांच्याच घरी होत्या. घरभर लग्नाची गडबड. पूजाने त्यांना पिठलं-भाकरी वाढली, पाण्याचा तांब्या अर्धाच भरून ठेवला आणि हसून म्हणाली, "आजोबांची शिस्त आहे. लागेल तसं घ्या, पण टाकू नका."

सर जेवले नाहीत. ज्योतिबाचं कळल्यापासून ते माडीवरच्या खोलीत बसून होते. शरयूबाई तिथे गेल्या, तर ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"कसा आहे तो?"

"बरा आहे. तुमचाच विद्यार्थी ना?"

"हं. फुटबॉल छान खेळायचा."

खोलीभर शाळेतल्या आठवणी होत्या. पितळी घंटा, गुंडाळलेले नकाशे, वर्गांचे फोटो. कपाटावर एक जुना चामडी फुटबॉल चपटा होऊन पडला होता. त्याचे दोन तुकडे कुणीतरी नीट कापून घेतलेले होते.

"सर, कार्यालयाच्या स्वयंपाकघराच्या किल्ल्या किती?"

"दोन. एक मयूरीकडे साताऱ्यात, एक माझ्याकडे." सर वळले नाहीत. "का?"

"सहज. टाकीवरचा हातपंप स्वयंपाकघरात आहे म्हणून."

सकाळी शरयूबाई मयूरीला घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारी गेल्या. फाटकावरून हे दार दिसत नव्हतं. समोर उघडा माळ. मे महिना, माती भाजलेल्या विटेसारखी. पण त्या दारापासून निघून माळावरून पलीकडच्या वस्तीपर्यंत गवताची एक हिरवी रेघ गेली होती. हातभर रुंद, वाकडीतिकडी, पायवाटेच्या दोन्ही अंगांना.

"हे काय आहे?" मयूरीने विचारलं.

"डोक्यावरच्या घागरीतून किती सांडतं, तेवढं गवत," शरयूबाई म्हणाल्या.

त्यांनी आकारामकडून पाना मागून घेतला आणि पंपाचा दट्ट्या उघडला. आत चामड्याची वाटी असते, तिला इकडे वायसर म्हणतात. तो झिजला की पंप पाणी ओढत नाही. न वापरलेल्या पंपाचा वायसर मूळचा असायला हवा होता. हा हाताने कापलेला होता. जाड, तपकिरी चामडं, आणि कडेला दोरी ओवायची दोन भोकं.

मयूरीला काही उमगलं नाही. शरयूबाईंनी मात्र तो वायसर रुमालात गुंडाळला.

५

वस्तीवर मनुबाई शेरडांना पाला टाकत होती. साठीची, उंच, कपाळावर आठ्यांच्या तीन रेघा. हिने कार्यालयाचा चुना मळला होता, मयूरी तिला ओळखत होती.

"मनुबाई, वस्तीत घरं किती?" शरयूबाईंनी विचारलं.

"तीस."

"टँकर कधी येतो?"

"सरकारी? आठ दिसातनं एकदा. कवा त्यो बी न्हाई."

"आणि विहीर?"

"शिवरात्रीला आटली."

"मग मार्चपासून पाणी कुठून प्यालात?"

मनुबाईने पाला खाली ठेवला. पळवाट शोधणाऱ्या माणसाचे नव्हते तिचे डोळे.

"बाई, तुमी शिकलेल्या. म्या सांगाय पायजे व्हय? प्यालो. रोज, घरटी तीन घागरी. चौथी कुणी घेतली न्हाई, घिऊ बी दिली न्हाई म्या. माजी सून सात म्हैन्यांची गरवार हुती. दोन कोसांवरनं पानी आनताना पडली. त्या दिसापासनं हे पानी." ती मयूरीकडे वळली. "तुजं पानी हाय ते म्हाईत हुतं, पोरी. तुज्याकडं बगाया लाज वाटायची. पन प्यालो."

तीस घरं, तीन घागरी. नव्वद घागरी रोज, नऊ आठवडे. ऐंशी हजार लिटरांचा हिशेब शरयूबाईंच्या मनात आपोआप जुळला. जे पाणी नाहीसं झालं होतं, ते तेवढंच होतं.

"किल्ली कुणी दिली?" मयूरीने विचारलं.

"ते न्हाई सांगनार."

"मनुबाई, एका माणसाचं डोकं फुटलंय!"

"म्हनून तर रातीपासनं शेरडांसंगं बसलीया, मानसांत न्हाई." मनुबाईचा आवाज पहिल्यांदा हलला. "शबुद दिलाय. ज्यानं दिली त्यानंच सांगावं."

मयूरी परत वळली, ती तरातरा चालू लागली. निम्म्या वाटेवर थबकली.

"माझी किल्ली साताऱ्यात होती," ती हळूच म्हणाली. "शरयूताई, माझी किल्ली साताऱ्यातच होती."

६

सर ओसरीवर बसले होते. शरयूबाईंनी रुमाल उलगडून वायसर त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"नऊ मार्चनंतर केव्हातरी तुम्ही काटा बांधलात," त्या म्हणाल्या. "किल्ली मनुबाईला दिलीत. पंप झिजला तेव्हा दुकानातून वायसर आणला असता तर गावाला कळलं असतं, म्हणून फुटबॉल कापलात. लग्न जवळ आलं, वळीव एकदाच पडला. परवा मयूरी यायच्या आत टाकीत थोडं तरी पाणी टाकून ठेवावं म्हणून तुम्ही ज्योतिबाला बोलावलंत. ती लवकर आली, तो परत गेला. काल दगड खाल्ले त्याने, पण तुमचं नाव घेतलं नाही."

सरांनी काही नाकारलं नाही. त्यांनी ते चामडं हातात घेतलं.

"अध्यक्ष मीच," ते म्हणाले. "पहिल्या लग्नापर्यंत टाकीला हात लावायचा नाही, हा ठरावही मीच मांडलेला. पुण्याची एक संस्था हे बघायला येणार, ही एक जागा पाहून दहा गावं शिकतील, असं मीच बोलत होतो. आणि खिडकीतून रोज त्या बायका दिसायच्या, रिकाम्या घागरी घेऊन कार्यालयावरून जाणाऱ्या. आत ऐंशी हजार लिटर आणि बाहेर त्या."

"मग सभा का नाही बोलावलीत?" हे मयूरीने विचारलं. ती दारात उभी होती.

"नानासोने विरोध केला असता, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे त्यानेही केला नसता. मला दोन्ही हवं होतं, मयूरी. वस्तीला पाणी मिळावं आणि कार्यालयाचं नावही राहावं. वळीव येईल, टाकी भरेल, कुणाला कळायचंच नाही."

"पाणी दिलंत त्याचं मला काही वाटत नाही," ती म्हणाली. "काल मी नानासोंना सगळ्यांसमोर पोलिसात द्यायला निघाले होते. तुम्ही शेजारी उभे होतात."

सरांनी तोंड ओंजळीत झाकलं. शरयूबाईंनी आजवर खूप गढूळ पाणी पाहिलं होतं, पण अडतीस वर्षं गावाला खरं बोलायला शिकवणारा माणूस असा बसलेला त्यांनी पाहिला नव्हता. त्या उठून अंगणात गेल्या.

दुपारी सर स्वतः नानासोच्या दारात गेले. नानासोने सगळं उभ्यानेच ऐकून घेतलं.

"पानी दिलं ते ब्येस केलंसा सर," तो म्हणाला. "मला इचारलं असतं तर टँकर म्याच लावला असता वस्तीला. पन इचारतंय कोन? नानासो म्हंजे पानी इकनारा. त्याच्या काळजात काय आसंल, हे बगाया कुनाला येळ हाय?" तो थांबला. "लग्नाला टँकर देतो. दोन गोष्टी करा. ज्योतिबाचं पाय धरा म्हनत न्हाई, पन त्याच्या घरला जावा. आनि रविवारी माईकवर बोला. जेवढ्या मानसांत मी चोर झालो, त्येच्या दुप्पट मानसांत."

सर त्या संध्याकाळी ज्योतिबाच्या घरी गेले. आत काय बोलणं झालं, ते दोघांखेरीज कुणाला ठाऊक नाही. बाहेर आले तेव्हा ज्योतिबा त्यांच्या हाताला धरून उंबरा उतरवत होता.

रविवारी लग्न लागलं. मलकापूरहून वऱ्हाड आलं, कोयनेकाठची माणसं, नळ सोडला की पाणी येतं एवढंच ठाऊक असलेली. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत दगडी भिंतींमध्ये बायका पदर सारखा करत "किती गार आहे हो" म्हणत होत्या. फाटकापाशी मात्र नानासोचे टँकर उभे होते.

मंगलाष्टकांआधी सरांनी माईक हातात घेतला. आवाज शाळेतलाच, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"टँकर न बोलावता लग्न करून दाखवू, असं आम्ही सांगितलं होतं. ते खोटं ठरलं, आणि ते माझ्यामुळे. टाकीतलं पाणी मी वस्तीला दिलं. त्याबद्दल मी माफी मागणार नाही. पण मी ते लपवलं. माझ्या लपवण्यामुळे नानासो मेटकरी यांच्यावर चोरीचा आळ आला आणि ज्योतिबाच्या डोक्यावर दगड पडला. दोघेही निर्दोष आहेत. दोषी मी आहे. माझ्या नातीच्या लग्नात हे सांगतोय, कारण यापेक्षा मोठी सभा मला आता मिळणार नाही."

नवऱ्यामुलाचा बाप कानकोंडा होऊन इकडेतिकडे बघू लागला. अंतरपाटामागे पूजाने डोळे पुसले, पण मान खाली घातली नाही. मग नानासो पुढे आला, सरांच्या हातातून माईक काढून घेतला आणि खाकरला.

"झालं ते झालं. भटजी, मुहूर्त चाललाय. म्हना."

अक्षता पडल्या.

जेवणावळी उठल्यावर शरयूबाई एस.टी.साठी निघाल्या. तळातल्या फूटभर पाण्याचा नमुना त्यांनी मधल्या दिवसांत सांगलीला नेऊन तपासला होता. पिण्यास योग्य, असा शेरा दिला होता. 'पाणी कमी असण्याचे कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं: वापरले गेले.

निरोप घ्यायला त्या मयूरीला शोधू लागल्या. ती मांडवात नव्हती. चार दिवस ती सरांशी एक शब्द बोलली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. ती सापडली कार्यालयाच्या मागे, वस्तीच्या बाजूच्या माळावर. भरजरी साडीचा ओचा खोचून, मुठीने चुन्याची फक्की सोडत ती जमिनीवर पांढरी रेघ आखत होती. टेप धरून पलीकडे सर ओणवे झाले होते.

"मला सांगायचं होतंत, सर," ती वर न बघता म्हणाली. "तेव्हाच सांगितलं असतंत, तर टाकी दुप्पट खणली असती. आता ही दुसरी. टेप ताणून धरा. ढिला पडतोय."

सरांनी टेप ताणला.

"आगं ये पोरी," वस्तीवरून मनुबाई हाक मारत येत होती, "जरा अल्याड सरकीव ती रेग. थितं आमची शेरडं बसत्यात दुपारची."

मयूरीने पायाने फक्की पुसली आणि रेघ दोन हात अलीकडे घेतली.